'लक्ष्यांत' कोण घेतो? : तरुण स्त्रीचें मनोदुःख आणि आमचें वाङ्मय

मनुष्याच्या दुःखाला नांव कोणीं द्यावयाचें, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. दुःख भोगणारा एक आणि त्याचें नांव ठरविणारा दुसरा, अशी स्थिति असली म्हणजे तें नांव हेंच आणखी एक दुःख होऊन बसतें. तरुण स्त्रियांच्या मनोव्यथेसंबंधानें आमच्या समाजांत पिढ्यानुपिढ्या हेंच घडत आलें आहे. सासरीं आलेली मुलगी कोणाशीं बोलेनाशी झाली कीं ती 'घुमी' ठरते. रडूं लागली कीं 'नाटकी' ठरते. उलट बोलली कीं 'आगाऊ' ठरते. आणि एखाद्या दिवशीं दांतखिळी बसून पडली कीं तिला बाहेरची बाधा झाली असें समजून देवऋषाला बोलावणें जातें. या सर्व नांवांत एक गोष्ट समान आहे. दुःखाचें मूळ मुलीच्या स्वभावांत आहे किंवा भुताखेतांत आहे, घरांत मात्र तें कोठेंही नाहीं, असें तीं सांगतात.

आतां पुष्कळ घरांतून देवऋषी गेला व डॉक्टर आला. 'बाधा' गेली व 'डिप्रेशन' आलें. हा पालट इष्ट आहे याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. पण नांव पालटूनही बोट अजून मुलीकडेच रोखलेलें असेल, तर तो पालट वरवरचा आहे असें म्हणावें लागेल. वैद्यकाच्या बाजूनें या प्रश्नाचा निकाल करण्याचा आमचा अधिकार नाहीं. वाङ्मयाच्या बाजूनें मात्र त्याचा विचार करतां येण्याजोगा आहे, किंबहुना केला पाहिजे. कारण आधुनिक मानसवैद्यक आमच्या भाषेंत बोलूं लागण्यापूर्वींच आमची कादंबरी तरुण स्त्रीच्या मनाविषयीं बोलून चुकली होती. तिनें काय सांगितलें, आणि आम्ही वाचकांनीं व टीकाकारांनीं त्यांतील किती ऐकलें, हें पाहण्याचें येथें योजिलें आहे.

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्ष्यांत कोण घेतो' ही कादंबरी १८९० सालीं 'करमणूक' पत्रांत क्रमशः येऊं लागली, तेव्हां तिच्या लेखकाचें वय अवघें सव्वीस वर्षांचें होतें. तिची नायिका यमू आपली हकीकत आपणच सांगते. लहानपण, लग्न, सासर, पतीबरोबर मुंबईस काढलेले थोडे सुखाचे दिवस, त्याचा अकाली मृत्यु, आणि पुण्यास परत आल्यावर बळजबरीनें झालेलें केशवपन, असा त्या हकीकतीचा क्रम आहे. ती वाचून महाराष्ट्रांतील किती घरांत डोळे पुसले गेले असतील याची गणना नाहीं. टीकाकारांनींही या कादंबरीच्या करुणरसाची वाखाणणी केली, तींतील वास्तवाची केली, लेखकाच्या सुधारणाविषयक तळमळीची केली. हें सर्व यथार्थच आहे. तथापि एका गोष्टीचा व्हावा तितका विचार झाला नाहीं असें आम्हांस वाटतें, आणि ती गोष्ट कादंबरीच्या नांवांतच सांगितलेली आहे. नांवांत आपट्यांनीं दुःखाचा उल्लेख केला नाहीं. कोणी लक्ष देत नाहीं, याचा केला.

यमूवर होणारे अन्याय ठळक आहेत व ते कोणाच्याही ध्यानांत राहतात. त्यांहून सूक्ष्म आणि दीर्घकाळ चालणारा एक प्रकार मात्र ओझरता वाचला जातो. घरांतील मोठीं माणसें तिच्याविषयीं बोलतात, तिच्याशीं बोलत नाहींत. तिला लिहितां-वाचतां येणें हा त्या माणसांच्या दृष्टीनें अपराध होतो, कारण जिला वाचतां येतें तिला स्वतःचें मत असण्याचा संभव असतो. पतीनें तिला शिकविलें, तिच्याशीं मोकळेपणानें गोष्टी केल्या, तिचें म्हणणें ऐकून घेतलें. आणि या एका ऐकणाऱ्या माणसाच्या सहवासांत तिचें मन उमलून आलें. तो गेला, आणि ऐकणारें कोणी उरलें नाहीं. केशवपनाचा प्रसंग भयंकर आहेच. परंतु त्या प्रसंगीं तिच्या मनावर खरा घाव बसतो तो तिच्या 'नाहीं' या शब्दाला घरांत कवडीचीही किंमत नाहीं हें पुरतें कळून आल्याचा. त्यानंतर ती फार जगत नाहीं. या क्रमानें वाचलें म्हणजे ही कादंबरी एका मनाच्या हळूहळू खचत जाण्याचा वृत्तान्त आहे असें दिसून येतें, आणि तो वृत्तान्त ज्याचें मन खचलें त्याच्याच तोंडून आलेला आहे.

याच सुमारास अमेरिकेंत एक लहानशी कथा प्रसिद्ध झाली. शार्लट पर्किन्स गिल्मन या लेखिकेची 'दि यलो वॉलपेपर', म्हणजे 'भिंतीवरील पिवळा कागद', ही ती कथा. तिचें प्रकाशन जानेवारी १८९२ मधील. पुण्याच्या कादंबरीकारास व या लेखिकेस एकमेकांची वार्ता असण्याचें कारण नव्हतें, म्हणूनच त्यांच्या कृतींतील साम्य अधिक विचार करण्याजोगें आहे. येथेंही कथा सांगणारी एक तरुण स्त्री आहे. तिला नुकतें मूल झालें आहे व तिचें मन ठिकाणावर नाहीं. तिचा नवरा स्वतः डॉक्टर. तो तिला एका जुन्या बंगल्याच्या माडीवर, गज लावलेल्या खोलींत ठेवतो. विश्रांति घे, विचार करूं नको, लिहूं नको, असें प्रेमानें बजावतो. ती चोरून लिहिते. खोली बदलावी असें ती सुचविते, तेव्हां तो हंसून तिची समजूत घालतो. करण्यासारखें दुसरें कांहीं नसल्यामुळें ती भिंतीवरील कागदाची नक्षी पाहत बसते, आणि त्या नक्षीच्या मागें एक बाई कोंडलेली असून ती गज हालवीत आहे असें तिला दिसूं लागतें. शेवटीं ती स्वतःच ती बाई होते.

ही कथा हवेंतून आलेली नाहीं. १८८७ सालीं गिल्मन यांनीं फिलाडेल्फियाचे नामांकित मज्जारोगवैद्य डॉ. सायलस वेअर मिचेल यांची 'विश्रांति-चिकित्सा' घेतली होती. सक्तीनें अंथरुणांत पडून राहणें, भरपूर खाणें, अंग मर्दन करून घेणें, अशी ती चिकित्सा होती. घरीं पाठवितांना डॉक्टरांनीं घरगृहस्थींतच रमून राहण्याचा उपदेश केला व जन्मांत पुन्हां लेखणीला शिवूं नये अशी ताकीद दिली, असें गिल्मन यांनीं १९१३ सालीं स्वतः लिहून ठेवलें आहे. ती ताकीद त्यांनीं सुमारें तीन महिने पाळली, आणि आपण वेडाच्या काठाशीं जाऊन पोहोंचलों असें ध्यानांत आल्यावर ती झुगारून पुन्हां काम हातीं घेतलें. आतां दुसरें उदाहरण पाहावें. ओवेन विस्टर नांवाचा एक तरुण पुरुष असाच प्रकृतीनें खचला असतां, याच डॉक्टर मिचेल यांनीं १८८५ सालीं त्याला पश्चिमेकडील वायोमिंग प्रांतीं मोकळ्या हवेंत, घोड्यावर फिरावयास धाडून दिलें. तेथें तो रोजनिशी लिहीत राहिला, आणि त्याच अनुभवांतून पुढें १९०२ सालीं 'दि व्हर्जिनियन' ही त्याची गाजलेली कादंबरी निघाली. वैद्य एकच, तक्रारही बहुतेक त्याच जातीची. पण पुरुषाला माळरान मिळालें व स्त्रीला खाट मिळाली. पुरुषाच्या लेखणीला नवा विषय मिळाला आणि स्त्रीच्या हातून लेखणीच काढून घेतली गेली. स्त्रीपुरुषांतील विषमता रोगाच्या उपचारांतही कशी शिरते याचा याहून स्पष्ट दाखला शोधावयास नको.

आतां या दोन कथा शेजारीं ठेवून पाहाव्या. आपट्यांचे शंकरमामंजी क्रूर आहेत. त्यांचा राग आल्यावांचून राहत नाहीं. गिल्मन यांच्या कथेंतील नवरा क्रूर नाहीं. तो बायकोची काळजी करतो, तिला उचलून नेतो, लाडानें हांका मारतो. असें असूनही दोघांच्या हातून परिणाम एकच होतो, कारण दोघांचाही एका गोष्टीवर पूर्ण विश्वास आहे: या मुलीला स्वतःविषयीं कांहीं कळत नाहीं. क्रौर्य दिसतें, म्हणून त्याचा निषेध होऊं शकतो. मायेच्या वेषांत आलेल्या बहिरेपणाचा निषेध कोण करणार? आणि येथें आम्हां वाचकांवरही एक प्रश्न येतो. यमूसाठीं आम्ही रडलों, परंतु तें रडणें त्या डॉक्टर-नवऱ्याच्या मायेसारखेंच नव्हतें ना? आम्हीं तिची कींव केली. तिची साक्ष मात्र नोंदवून घेतली नाहीं. करुणरसाची थोरवी गातां गातां आम्हीं एका साक्षीदाराला केवळ रसोत्पत्तीचें साधन केलें, असा आक्षेप आमच्या टीकेवर आला तर तो खोडून काढणें कठीण जाईल.

कींव करून मोकळें होण्याची सोय ज्या लेखनानें वाचकास ठेवली नाहीं, त्याचें काय झालें तेंही पाहण्यासारखें आहे. आपट्यांच्या आधीं आठ वर्षें, १८८२ सालीं, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचें 'स्त्रीपुरुष तुलना' हें छोटें पुस्तक पुण्यास छापलें गेलें. सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेस १८८१ सालीं अर्भकहत्येबद्दल प्रथम देहांताची शिक्षा झाली, व त्या निमित्तानें वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर आगपाखड झाली. तिला दिलेलें हें उत्तर होतें. यांत अश्रु थोडे व संताप फार. स्त्रियांच्या अंगीं म्हणून जे दुर्गुण सांगितले जातात ते पुरुषांच्या अंगीं कसे आहेत, आणि स्त्रीच्या ठिकाणीं दिसणारें वांकडेपण कोणत्या कोंडमाऱ्यानें आलें, हें ताराबाई एकेक करून मोजून दाखवितात. जोतीराव फुले यांनीं १८८५ सालीं 'सत्सार' मध्यें त्यांची बाजू घेतली. एरवीं पुस्तक विस्मरणांत गेलें, आणि स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं तें पुन्हां प्रसिद्ध करीपर्यंत बहुतेक तसेंच राहिलें. यमूच्या दुःखाला आमच्या वाङ्मयांत मानाचें स्थान मिळालें व ताराबाईंच्या संतापाला नव्वद वर्षें अडगळींत पडावें लागलें, हा केवळ योगायोग आहे असें आम्हांस वाटत नाहीं. दुःखी तरुणी आम्हांस आवडते. रागावलेली तरुणी आवडत नाहीं. वस्तुतः ज्या मनाला रागावण्याची मुभा नसते तेंच मन आंतल्या आंत कुढतें, हें समजावयास मानसशास्त्राचे ग्रंथ चाळण्याची गरज नाहीं. कोणत्याही माजघरांत थोडा वेळ बसलें तरी पुरे.

यावर कोणी म्हणेल कीं, हीं जुन्या काळचीं गाऱ्हाणीं झालीं. केशवपन गेलें, बालविवाह कायद्यानें बंद झाले, मुली शिकल्या, मिळवूं लागल्या. या आक्षेपाला १९३३ सालींच उत्तर मिळून गेलें आहे. त्या वर्षीं 'विभावरी शिरूरकर' या टोपणनांवानें 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला व त्यानें केवढी खळबळ उडाली हें मराठी वाचकांस ठाऊकच आहे. लेखिका म्हणजे त्या वेळच्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. कर्व्यांच्या संस्थेंत शिकलेल्या व शिक्षणाच्या क्षेत्रांत काम केलेल्या. त्यांच्या कथांतील तरुणींस छळणारी सासू नाहीं, कीं न्हाव्याला बोलावणारा मामंजी नाहीं. त्या शिकलेल्या आहेत, मिळवीत आहेत. तरी त्यांचा जीव गुदमरतो. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हें एका कथेचें नुसतें नांव वाचलें तरी त्या गुदमरण्याचें कारण कळतें. मुलीच्या मिळकतीवर घराचा हक्क मान्य झाला. मुलीचा स्वतःच्या आयुष्यावरील हक्क मान्य झाला नाहीं. विद्या दिली, नोकरी करूं दिली, निर्णय मात्र दिला नाहीं. अर्धें मोकळें केलेलें मन पूर्ण बांधलेल्या मनापेक्षां अधिक तडफडतें, कारण त्याला आतां दोरी दिसूं लागलेली असते. आणि हें सांगण्यासाठीं लेखिकेला आपलें नांव झांकून घ्यावें लागलें, ही गोष्टही त्या कथांइतकीच बोलकी आहे.

त्या कथांना आज नव्वदांहून अधिक वर्षें होऊन गेलीं. मधल्या काळांत काय पालटलें आणि काय तसेंच राहिलें, हें सांगण्यास थोडे आंकडे पुरेसे आहेत. भारत सरकारच्या वेळ-वापर पाहणीप्रमाणें २०१९ सालीं घरकाम करणारी स्त्री त्या बिनमोल कामांत दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें घालवी, आणि पुरुष ९७ मिनिटें. २०२४ सालच्या पाहणींत हे आंकडे २८९ व ८८ असे आले. येथें ध्यानांत ठेवावें कीं, पुरुषांची ही सरासरी जे पुरुष अशा कामाला हात लावतात तेवढ्यांचीच आहे. २०१८ सालीं 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, १९९० सालीं जगांत आत्महत्येनें मृत्यु पावलेल्या स्त्रियांपैकीं २५.३ टक्के भारतांतील होत्या. २०१६ सालीं तें प्रमाण ३६.६ टक्क्यांवर गेलें. भारतांतील अशा स्त्रियांपैकीं ७१.२ टक्के १५ ते ३९ या वयाच्या होत्या. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत २०२१ सालीं आत्महत्या केलेल्या ४५,०२६ स्त्रियांची नोंद आहे, व त्यांपैकीं २३,१७८ जणींचा व्यवसाय 'गृहिणी' असा लिहिलेला आहे. निम्म्याहून अधिक स्त्रियांचें आयुष्य ज्या घरांत गेलें, त्या घराकडे दृष्टि न टाकतां त्यांच्या केवळ मनाची तपासणी करणें म्हणजे विहिरीचें पाणी न पाहतां आजाऱ्याची जीभ पाहणें होय.

याच अहवालांत पुरुषांचा आंकडा १,१८,९७९ म्हणजे स्त्रियांच्या अडीचपटींहून अधिक आहे, असें दाखवून कोणी विचारील कीं, मग विषमतेचें गाऱ्हाणें स्त्रियांनींच कां करावें? प्रश्न रास्त आहे व त्याला बगल देणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पुरुषांचें दुःख खरें आहे, आणि पुरुषानें रडूं नये, मिळवावें व गप्प राहावें, हा दंडक त्याच्या मुळाशीं पुष्कळ वेळां असतो. पण हा दंडक आला कोठून? स्त्रीला निर्णय नाहीं व पुरुषाला कबुली नाहीं, हीं एकाच व्यवस्थेचीं दोन कलमें आहेत. एका कलमाचा विचार केल्यानें दुसऱ्याचा अवमान होत नाहीं. तरुण स्त्रीच्या बाबतींत भेद इतकाच कीं, ती बोलली तरी तिचें बोलणें पुराव्यांत धरलें जात नाहीं.

औषधोपचाराविषयीं आमचा गैरसमज होऊं नये. दुःखाचें कारण घरांत आहे म्हणून दुःखानें झालेली इजा खोटी ठरत नाहीं. धुरानें डोळे बिघडले तर चूल पालटावी लागते आणि डोळ्यांत औषधही घालावें लागतें. मनोरुग्णतेवर आज गुणकारी उपचार आहेत व ते घेण्यांत कमीपणा नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला, आणि जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीला गुन्हेगार न समजतां ती तीव्र ताणाखालीं होती असें गृहीत धरावें असें ठरविलें. २०२२ सालापासून 'टेली-मानस' ही शासकीय दूरध्वनि-सेवा १४४१६ या क्रमांकावर चालूं झाली आहे. जिला या ओळी वाचतांना आपलीच हकीकत आठवेल तिनें तो क्रमांक जवळ ठेवावा. परंतु उपचाराची वाट कोणी अडविली आहे हेंही सांगितलें पाहिजे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत मनोविकार हें घटस्फोटाचें एक कारण म्हणून दिलेलें आहे. कायद्याचे शब्द स्त्रीपुरुषांस सारखेच लागू असले तरी लग्नाच्या बाजारांत त्यांचें वजन सारखें पडत नाहीं. 'मुलगी डॉक्टरकडे जात होती' एवढें वाक्य ठरलेलें लग्न मोडावयास पुरतें. म्हणून आईबाप उपचार लांबवितात, सासरचीं माणसें लपवितात, आणि मुलगी गोळीचें पाकीट धान्याच्या डब्यांत ठेवते.

असो. आमचा मूळ विषय वाङ्मय. अलीकडच्या मराठी कथांतून मानसशास्त्राचे शब्द मुबलक येऊं लागले आहेत, आणि विषय उघड बोलला जाऊं लागला याचें आम्हांस समाधानच आहे. पण पुष्कळ कथांत असें आढळतें कीं, नायिकेला रोगाचें नांव मिळतें, समजूतदार डॉक्टर भेटतो, ती बरी होऊन त्याच स्वयंपाकघरांत परत येते, आणि लेखक समाधानानें लेखणी खालीं ठेवतो. ती ज्या घरांत परतली तें घर बरें झालें काय, हें तो विचारीत नाहीं. अशा कथेंत शब्द नवे असतात. दृष्टि मात्र त्या पिवळ्या कागदाच्या खोलींतील नवऱ्याचीच असते. उलट कांहीं कथांत सारा दोष समाजाच्या माथीं मारून नायिकेला नुसती बळी केलेली असते. तिला आवड नाहीं, विनोद नाहीं, चूक नाहीं, हट्ट नाहीं. हाही तिच्या मनाचा अनादरच होय. यमू आज इतक्या वर्षांनींही जिवंत वाटते ती तिच्यावर अन्याय झाला म्हणून नव्हे. अन्याय होत असतांनाही ती पाहते, ताडते, क्वचित् हंसतेही, म्हणून.

तेव्हां तरुण स्त्रीच्या मनोदुःखावरील कोणतीही कृति आमच्यापुढें आली असतां आम्हीं टीकाकारांनीं तीन प्रश्न विचारावे, अशी आमची सूचना आहे. येथें बोलतें कोण? तिच्या 'नाहीं' या शब्दामुळें कथेंतील एखाद्या तरी माणसाचें वागणें पालटतें काय? आणि शेवटीं तिची एकटीची तपासणी होते, कीं तिच्याबरोबर घराचीही होते? या प्रश्नांनीं कलाकृतीची सारी किंमत ठरणार नाहीं. भाषा, रचना, पात्रांची घडण यांचें माप निराळेंच राहील. पण ज्या कृतींत हीं तीन उत्तरें सांपडत नाहींत तिच्यावर आम्हीं 'हृदयस्पर्शी' हा शिक्का मारूं नये, एवढें तरी पथ्य पाळतां येईल.

आपट्यांनीं आपल्या कादंबरीच्या नांवांत जो प्रश्न विचारला तो सासरच्या माणसांना विचारलेला आहे असें समजून आम्ही आजवर तें पुस्तक वाचलें. तो वाचकालाही विचारलेला आहे. ज्या घरांत तें पुस्तक कपाटांत आहे आणि शेजारच्या खोलींत एक मुलगी कांहीं दिवसांपासून जेवतांना बोलेनाशी झाली आहे, त्या घरांत त्याचें उत्तर द्यावयाचें आहे. तिला काय झालें आहे हें दुसऱ्या कोणाला विचारण्यापूर्वीं तिलाच विचारावें, आणि ती जें सांगेल तें, आपल्याविरुद्ध असलें तरी, खरें असूं शकेल असें धरून चालावें.